आब्लार : एका सालस क्रियापदाची जमाबंदी

सरकारी दफ्तरात ज्याच्या नावावर एकही तक्रार नाही, ज्याची बाकी कधी थकली नाही आणि ज्याच्यापायी कोणत्याही अव्वल कारकुनाला वरिष्ठांकडे खुलासा पाठविण्याची पाळी आली नाही, अशा खातेदाराचे नाव सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही; परंतु नव्या उमेदवाराला जमाबंदीचे काम शिकवायचे झाले, की त्याच्यापुढे जे खाते उघडून ठेवतात ते मात्र नेमके याच सालस माणसाचे असते. स्पॅनिश भाषेतील 'आब्लार' या क्रियापदाच्या वाट्याला हाच योग आलेला आहे. बोलणे एवढाच त्याचा व्यवसाय. लिहिताना त्याच्या आरंभी एक 'ह' काढतात, पण तो उच्चारीत नाहीत, आणि त्याबद्दलही त्याने कधी कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही. स्पॅनिश क्रियापदांची 'आर', 'एर' आणि 'इर' अशा शेवटांवरून तीन गणांत वाटणी झालेली असून त्यांपैकी 'आर' गणाची वस्ती सर्वांत दाट आहे. त्या वस्तीतला हा निरुपद्रवी रहिवासी असल्यामुळे, नियमित क्रियापद सर्व काळांतून आणि सर्व अर्थांतून कसे चालते हे दाखविण्याचा प्रसंग आला, की पाठ्यपुस्तकवाले त्यालाच धरून आणतात आणि फळ्यासमोर उभा करतात.

माझी आणि त्याची भेट मेलबर्न शहरात झाली. महसूल खात्यातून सेवानिवृत्त होऊन मुलाकडे कायमचा राहावयास आल्यावर माझ्या असे ध्यानात आले, की निवृत्त मनुष्याने स्वस्थ बसणे ही गोष्ट ऑस्ट्रेलियात काहीशी संशयास्पद मानली जाते. अशा माणसाने एकतर हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवावेत, नाहीतर 'मेन्स शेड' नामक पुरुषांच्या सार्वजनिक सुतारखान्यात जाऊन पक्ष्यांसाठी घरटी ठोकावीत, असा येथील शिरस्ता आहे. यांपैकी पहिल्या उद्योगात वाकावे लागते आणि दुसऱ्यात बोटे जाण्याचा संभव असतो. तेव्हा ज्यात केवळ पाठीला टेकू असलेल्या खुर्चीवर बसावे लागते असा तिसरा मार्ग मी पत्करला, आणि फिट्झरॉय भागातील एका नेबरहुड हाउसमध्ये भरणाऱ्या स्पॅनिशच्या सायंवर्गात नाव घातले.

फिट्झरॉयच का, असे कोणी विचारील, तर तेथील जॉन्स्टन स्ट्रीट हा एके काळी मेलबर्नमधील स्पॅनिश लोकांचा मोहल्लाच होता. ऑस्ट्रेलियाशी स्पॅनिश भाषेचा ऋणानुबंध आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ जुना आहे. पर्थच्या उत्तरेस न्यू नॉर्सिया येथे १८४७ साली स्पॅनिश बेनेडिक्टाइन साधूंनी मठ स्थापन केला, आणि त्यांचा प्रमुख रोसेंदो साल्वादो याने त्याच्या आदल्या वर्षी पर्थ शहरात, अंगावरच्या जीर्ण झग्यानिशी, पियानो वाजवून त्या कामासाठी पैसा उभा केला होता. वर्गणी गोळा करण्याचे आमच्या मंडळांचे सारे मार्ग मला अवगत आहेत, पण त्यांत इतका सुरेल मार्ग आढळला नाही. पुढे १९५८ साली दोन्ही सरकारांत करार होऊन क्वीन्सलंडच्या उसाच्या फडांत तोडणीसाठी स्पेनमधून मजूर आणविण्यात आले, आणि १९७३ साली चिलीत लष्कराने सत्ता बळकावल्यावर तेथील परागंदा कुटुंबे या देशाच्या आश्रयाला आली. २०२१च्या जनगणनेत घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या दीड लाखांहून अधिक भरली. आमच्या शिक्षिकाबाई या चिलीच्याच.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी 'आब्लार'चा तक्ता आमच्या हाती दिला, आणि वर्गावर जी अवकळा पसरली तिचे वर्णन करणे कठीण आहे. माझे सहाध्यायी सगळे इंग्रजीभाषक: एक निवृत्त वायरमन, ज्यांना स्पेनमधल्या सांतियागोच्या पदयात्रेला जावयाचे होते, एक परिचारिका, आणि पाठीवर बोचके टाकून सारा दक्षिण अमेरिका खंड पालथा घालण्याच्या विचारात असलेला एक तरुण. इंग्रजीतील 'टॉक' या क्रियापदाची मिळकत किती, तर टॉक, टॉक्स, टॉक्ट, टॉकिंग. चार रूपांत त्याचा संसार आटोपतो, आणि उरलेली गरज सहायकांची उसनवारी करून भागविली जाते. याउलट स्पॅनिश अकादमीच्या हिशेबाने निश्चयार्थाचे दहा काळ, संशय, इच्छा आदींसाठी राखून ठेवलेल्या सुबहुंक्तिवो नामक अर्थाचे सहा, असे एकूण सोळा काळ होतात. प्रत्येक काळात मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशी सहा घरे, म्हणजे शहाण्णव घरांची ही वस्ती, आणि आज्ञार्थाची वेगळी वाडी ती निराळीच. वायरमन महाशयांनी तो तक्ता उभा धरला, आडवा धरला, चष्मा काढून पाहिला, आणि "यांतली नेहमी लागणारी कोणती?" असा, चाळीस वर्षे फ्यूज बदलीत आलेल्या माणसाला शोभेल असा, अत्यंत व्यवहारी प्रश्न केला.

मला मात्र, खरे सांगावयाचे तर, तो तक्ता पाहून माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे रकाने आखण्यात आणि भरण्यात घालविली, त्याला कोणताही रकाना परका वाटत नाही. शिवाय या कारभाराचे मूळ खरोखरीच राजदरबारी आहे. अंतोनियो दे नेब्रिखा नामक पंडिताने कास्तील प्रांताच्या भाषेचे पहिले व्याकरण रचले ते १४९२ साली. त्या वर्षी ३ ऑगस्टला कोलंबस गलबते घेऊन निघाला आणि १८ ऑगस्टला सालामांका येथे हा ग्रंथ छापून झाला. हे पुस्तक कशाच्या उपयोगाचे, असे इसाबेला राणीने विचारले असता, नवे मुलूख जिंकल्यावर तेथील रयतेला आपले कायदे आणि आपली भाषा शिकवावी लागेल, तेव्हा हे कामास येईल, अशा आशयाचे उत्तर तिथे हजर असलेल्या एका बिशपाने परस्पर देऊन टाकल्याचे नेब्रिखाने प्रस्तावनेत नमूद केले आहे. मुलूख अद्याप सापडलेला नाही, परंतु तेथील प्रजेसाठी क्रियापदांचे तक्ते तयार आहेत, इतकी आगाऊ तजवीज मी कोणत्याही सरकारात पाहिलेली नाही.

या तक्त्यात जी गोष्ट कारकुनी दृष्टीला प्रथम खटकते ती म्हणजे आघाताचे चिन्ह. 'आब्लो' असे आरंभी जोर देऊन म्हटले तर 'मी बोलतो' असा अर्थ होतो; तेच 'आब्लो' शेवटच्या स्वरावर जोर देऊन म्हटले, आणि लिहिताना त्या स्वराच्या माथ्यावर एक बारीकशी तिरपी रेघ ओढली, की 'तो बोलला' असा अर्थ होतो. म्हणजे एका रेघेच्या फटकाऱ्यासरशी बोलण्याचा काळ तर बदललाच, पण बोलण्याची सारी जोखीमही आपल्या अंगावरून निघून दुसऱ्याच्या नावावर चढली! 'आम्ही बोलतो' आणि 'आम्ही बोललो' यांत तर रेघेचाही फरक नाही, दोन्हींना 'आब्लामोस'च. आमच्या खात्यात हे चिन्ह उपलब्ध असते, तर किती चौकश्या सुरू होण्यापूर्वीच निकालात निघाल्या असत्या, या विचाराने मी क्षणभर हळहळलो.

दोन भूतकाळांपाशी वर्ग खऱ्या अर्थाने अडला. स्पॅनिशमध्ये एकदा बोलून मोकळा झाला त्याला 'आब्लो', आणि बोलत असे, बोलावयाचा, बोलता बोलता संध्याकाळ करायचा, त्याला 'आब्लाबा'. बाई पुन्हा पुन्हा सांगत, की पहिल्या काळाला आरंभ आहे व शेवट आहे, दुसऱ्याला दोन्ही टोके नाहीत. परिचारिकाबाई विचारीत, की एखादा रोगी रात्रभर बोलत होता आणि सकाळी शुद्धीवर आला, तर त्याला कोणत्या काळात घालावे. इकडे माझ्या मनात शाळेतला रीतिभूतकाळ जागा झाला. 'तो रोज येई', 'ती ओवी म्हणे', 'आम्ही नदीवर जात असू'. मराठी आत्मचरित्रांचा पूर्वार्ध या काळावाचून लिहिताच येत नाही. त्यांतले सगळे आजोबा पहाटे उठत, थंड पाण्याने स्नान करीत आणि कोणाशीही एक शब्द बोलत नसत, आणि त्यांनी एके दिवशी काही विशेष केले असे सांगण्याचा प्रसंग तब्बल शंभर पृष्ठांनंतर, साध्या भूतकाळात, त्यांच्या निधनासमयीच येतो. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली आपले व्याकरण प्रसिद्ध केले, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'चा डोंगर उभा केला, आणि ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात अशी आख्यातांची नावे घोकताना आमच्या पिढीने मनातल्या मनात त्या थोर पुरुषांना जे काही म्हटले, त्याची भरपाई या दूरदेशी एका संध्याकाळी झाली. वर्गात मी एकटाच मान डोलावीत होतो.

काळांची नावे घोकण्याचे दुःख चिलीच्या मुलांनाही भोगावे लागते, हे बाईंकडून कळल्यावर तर मला अधिकच बरे वाटले. आंद्रेस बेल्यो या पंडिताने चिलीत बसून १८४७ साली अमेरिकेतील स्पॅनिशभाषकांसाठी स्वतंत्र व्याकरण लिहिले (न्यू नॉर्सियाचा मठ उभा राहिला तेही हेच साल), आणि जुनी नावे मोडीत काढून प्रत्येक काळाला तो कोणत्या घटनेच्या आधीचा, सोबतचा किंवा नंतरचा आहे यावरून नाव दिले. त्यामुळे 'तो बोलत असे' हा झाला सहभूत, 'तो बोलेल असे वाटले होते' यातला झाला पश्चाद्भूत, आणि 'तो त्याआधीच बोलला होता' हा झाला पूर्वसहभूत. हाच गृहस्थ चिलीच्या १८५५ सालच्या दिवाणी संहितेचा कर्ता आहे हे समजले, तेव्हा माझे सारे समाधान झाले. कोणते खत आधीचे, कोणता ताबा नंतरचा आणि त्या वेळी वहिवाट कोणाची चालू होती, याचा सतत विचार करणारा मनुष्य क्रियापदांकडे वळला, की याहून वेगळे काय करणार?

तक्त्यातले पाचवे घर बाईंनी पहिल्याच दिवशी कुलूप लावून बंद केले. 'तुम्ही मंडळी' या अर्थी जे सर्वनाम स्पेनमध्ये चालते ते अमेरिकेत चालत नाही; त्यामुळे 'आब्लाइस', 'आब्लास्तेइस' अशी भारदस्त रूपे छापलेली असतात, पण तेथे कोणी राहत नाही. असे असूनही, बाई स्वतः भ्रमणध्वनीवर बहिणीशी बोलू लागल्या, की 'तू'च्या जागी 'आब्लाइ' असे म्हणत, जे आमच्या तक्त्यातल्या शहाण्णवांत कुठेच नव्हते. हे काय, असे विचारता त्या लाजून म्हणाल्या, की हे घरचे. शाळेत चालत नाही. आदराचा प्रकार मात्र मला अतिशय ओळखीचा वाटला. ज्याला मान द्यावयाचा त्याच्याशी 'उस्तेद' म्हणून बोलावे आणि क्रियापद मात्र 'तो'चे लावावे, म्हणजे समोर बसलेल्या माणसाशी, तो तिथे नसून तिसराच कोणी असावा अशा थाटात बोलावे. 'सरकारांनी आसनस्थ व्हावे, सरकारांनी विडा घ्यावा' ही आमची जुनी दरबारी तऱ्हा तरी याहून निराळी कुठे होती? मनुष्य फार मोठा झाला, की त्याच्याशी थेट बोलण्याचे धाडस व्याकरणालाही होत नाही, हे दोन्ही दरबारांना सारखेच उमगलेले दिसते.

येथवर वर्गाने कसाबसा तग धरला. सुबहुंक्तिवो आला आणि वायरमन महाशयांनी पेन्सिल खाली ठेवली. जे घडते ते सांगण्यासाठी एक क्रियापद, आणि जे घडावे असे वाटते, घडू नये अशी भीती वाटते, घडेल की नाही याची शंका आहे, किंवा घडले असते तर किती बरे झाले असते, ते सांगण्यासाठी दुसरे, ही वाटणी त्यांना मंजूर नव्हती. त्यातही हा अर्थ आला, की 'आर' गणातली क्रियापदे 'एर' गणाची टोपी घालतात आणि 'एर' गणातली 'आर' गणाची. 'आब्ला'चे होते 'आब्ले'. 'तो बोलतो असे मला वाटते' यात क्रियापद निश्चयार्थी. 'तो बोलतो असे मला वाटत नाही' असे म्हणताक्षणी तेच क्रियापद संशयार्थी! ऑस्ट्रेलियन स्वभावाला हे मानवण्यासारखे नाही. पूर येवो, वणवा पेटो, छप्पर उडून जावो, येथला मनुष्य 'शी'ल बी राइट', म्हणजे होईल सगळे ठीक, एवढे एकच वाक्य भविष्यकाळात बोलून बिअरचा डबा उघडतो. ज्या राष्ट्राच्या सर्व आशा आणि सर्व आशंका एकाच काळात मावतात, त्याला इच्छेसाठी सहा काळ निराळे ठेवा असे सांगणे म्हणजे त्याच्या सद्गृहस्थपणाविषयी शंका घेण्यासारखे आहे.

मराठी माणसाला मात्र याची सवय जन्मजात असते. आमचा अर्धाअधिक संभाषणव्यवहार विध्यर्थात आणि संकेतार्थात चालतो: पाऊस पडावा, मुलाला नोकरी लागावी, मुलीला स्थळ मिळावे, आणि त्या वेळी मामांनी कोथरूडचा तो प्लॉट घेतला असता तर! प्रत्येक मराठी कुटुंबात असा एक न घेतलेला प्लॉट असतो, आणि घेतलेल्या घरापेक्षा त्याच्याविषयीच अधिक बोलणे होते. हे बोलण्यासाठी स्पॅनिशमध्ये 'उब्येरा आब्लादो', म्हणजे 'बोलला असता', अशी जी घरे आहेत, ती वर्गाला समजावून देण्यासाठी बाईंनी ऑस्ट्रेलियाच्याच इतिहासातला दाखला काढला. १६०६ साली किरोस नामक खलाशाने पॅसिफिक महासागरातल्या एका बेटाला दक्षिणेचे महाखंड समजून 'आउस्त्रिआलिया देल एस्पिरितु सांतो' असे नाव ठेवले, आणि त्याच्या मागे राहिलेला लुइस वाएस दे तोर्रेस हा त्याच वर्षी न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलिया यांमधल्या सामुद्रधुनीतून आरपार निघून गेला. डावीकडे एक अख्खे खंड पडलेले आहे याचा त्याला थांग लागला नाही, आणि त्याचे वृत्त स्पॅनिश दफ्तरात पडून राहिले. त्याने सुकाणू थोडे दक्षिणेला वळविले असते, तर कदाचित आज मेलबर्नमध्ये सगळे स्पॅनिश बोलत असते, आणि आम्ही सायंवर्गात बसून 'टॉक, टॉक्स, टॉक्ट, टॉकिंग' घोकीत असतो. वायरमन महाशय बराच वेळ विचार करून म्हणाले, की मग चारच रूपांत सुटका झाली असती, तेव्हा तोर्रेसने वळायलाच हवे होते. सुबहुंक्तिवो त्यांना नेमका त्या घटकेला समजला, असे माझे मत आहे.

याच अर्थाच्या भूतकाळाला 'आब्लारा' आणि 'आब्लासे' अशी दोन रूपे आहेत. दोघांचे काम एकच. एका सर्व्हे नंबरावर दोन भावांची नावे लागलेली असावीत तशी ती शतकानुशतके सामाईकात नांदत आहेत, आणि थोरल्याने बहुतेक वहिवाट आपल्याकडे ओढली असली, तरी धाकट्याचे नाव कमी करण्याचा अर्ज अजून कोणी दिलेला नाही. याचाच भविष्यकाळ 'आब्लारे' हा तर बोलण्यातून कधीच निवृत्त होऊन कायद्याच्या कलमांत आणि जुन्या म्हणींत निर्वाहवेतनावर राहतो. गंमत अशी, की पोर्तुगीजमध्ये हाच काळ अद्याप धडधाकट आहे आणि रोजच्या बोलण्यात खुशाल वावरतो; त्यामुळे पोर्तुगीज अमदानीत शिकलेल्या एखाद्या पणजीकराला आमच्या वर्गात आणून बसविले, तर ज्या रकान्यावर बाई 'हे वगळा' म्हणून काट मारतात, नेमका तोच त्याला पाठ निघेल.

बाईंना आमच्या भाषेविषयी कुतूहल उत्पन्न झाले, ते चहाच्या सुट्टीत. तुमच्या 'बोलणे'चाही असा सहा घरांचा तक्ता मला काढून द्या, असे त्या म्हणाल्या. मी कागद घेतला आणि पहिल्याच घरात अडलो, कारण 'मी बोलतो' की 'मी बोलते' हे बोलणाऱ्याकडे पाहिल्याशिवाय लिहिता येईना. स्पॅनिश क्रियापदाला बोलणारा पुरुष आहे की स्त्री याची यत्किंचितही पर्वा नसते. आमचे क्रियापद मात्र दारातच लिंग विचारते. तेव्हा घरे दुभागली. भूतकाळात पोचलो तो नपुंसकलिंग उभे राहिले: तो बोलला, ती बोलली, ते बोलले; ते बोलले, त्या बोलल्या, ती बोलली. यांतला 'ते बोलले' म्हणजे ते मूल बोलले, ते सगळे पुरुष बोलले, की ते एकटेच आदरणीय गृहस्थ बोलले, हे संदर्भावरून ठरवावे, असे मी सांगितले, तेव्हा बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. मग मी त्यांना 'खाणे' दाखविले. मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली, मी केळे खाल्ले. खाणारा मी एकच, माझ्यात काही पालट नाही. पण क्रियापद माझ्याकडे पाठ फिरवून फळाच्या मर्जीप्रमाणे वागते, आणि हे वर्तमानकाळात नव्हे, तर भूतकाळात, म्हणजे फळ पोटात गेल्यावर! बाई म्हणाल्या, आमच्या शहाण्णव घरांबद्दल तुमची काही तक्रार असेल, तर ती मी यापुढे ऐकून घेणार नाही.

तक्त्याच्या बाहेरची माणसे कोण, हे पाहू गेल्यास दोन्ही भाषांत एकच दृश्य दिसते. असणे, जाणे, करणे, येणे अशी जी क्रियापदे रात्रंदिवस लागतात, तीच नियम पाळीत नाहीत. ती भाषेतली इनामदार मंडळी, सारा माफ, वंशपरंपरागत. स्पॅनिशमध्ये 'इर', म्हणजे जाणे, याचा वर्तमानकाळ 'वोय' आणि भूतकाळ 'फुइ'. आपल्याकडे जातो पण गेला, करतो पण केला. मेलबर्नमध्ये जन्मलेली माझी नात ही सवलत मान्य करीत नाही. 'आजोबा, मी होमवर्क करलं', 'बाबा ऑफिसला जाला' असे ती बिनदिक्कत म्हणते. १८५२ सालच्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसले आणि सनदा दाखवा, नाहीतर सारा भरा, असा त्याने इनामदारांमागे तगादा लावला. हे सहा वर्षांचे कमिशन त्याहून कडक आहे, कारण ते सनदाही पाहत नाही. 'गेला' म्हणावयाचे ते का, या तिच्या प्रश्नाला दादोबा आणि दामले या दोघांना साक्षीस बोलावूनही, 'तसेच म्हणतात' यापलीकडे उत्तर देता येत नाही. व्हिक्टोरिया राज्यात १९३५ पासून शनिवारच्या भाषाशाळांची परंपरा आहे. जपानी आणि इटालियन यांनी तिचा आरंभ झाला. आठवडाअखेरच्या मराठी शाळेत नात जाऊ लागली, तेव्हा तिच्या दप्तरात मला एक आखलेला कागद सापडला: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. सहा घरे. ज्या भाषेत आम्ही तक्त्याशिवाय भांडलो, तिचा तक्ता होऊन तो भिंतीवर टांगण्यासाठी पोरीच्या हाती आला होता, आणि शेजारी माझा 'आब्लार'चा. दोन्ही फ्रीजवर चुंबकाने लावलेले आहेत, आणि दूध काढताना सुनेला दोन्ही पाठ झाले आहेत.

परंतु या सगळ्या रकान्यांच्या पलीकडे मराठी क्रियापदाचे जे खरे वर्तन आहे, ते कोणत्याही तक्त्यात मावणार नाही, हे मी बाईंना सांगून ठेवले आहे. घरातून निघताना मनुष्य 'येतो' म्हणतो आणि जातो. स्नानगृहातून, अद्याप डोक्यावर पहिला तांब्याही ओतलेला नसताना, 'आलोच!' असा निःसंदिग्ध भूतकाळ ऐकू येतो. फोनवर 'निघालोय' असे जो सांगतो तो पायमोजा शोधीत असतो. आणि 'बघू' हे रूप दिसायला भविष्याकडे बोट दाखविणारे असले, तरी व्यवहारात त्याचा अर्थ कायमचा नकार. बेल्योसारख्या न्यायशास्त्रज्ञालाही 'आलोच' या काळाचे नाव ठेवताना घाम फुटला असता. घटना घडलेली नाही, घडण्याची चिन्हे नाहीत, परंतु ती घडून गेल्याची नोंद मात्र झालेली आहे. असली कागदपत्रे हाताळण्याचा अनुभव आमच्या खात्याबाहेर फार थोड्यांना असेल.

शेवटी आज्ञार्थ. इथे दोन्ही भाषांचे धोरण विलक्षण जुळते. 'बोल' म्हणावयाचे तर 'आब्ला'. पण 'बोलू नको' म्हणावयाचे, की स्पॅनिश क्रियापद आज्ञार्थ सोडून सुबहुंक्तिवोच्या आश्रयाला जाते आणि 'नो आब्लेस' होते. आणि आपल्याकडेही 'बोल'चे तडकाफडकी 'बोलू' होऊन त्याला 'नको'चा हात धरावा लागतो. बोलावयास सांगणे सोपे; बोलणाऱ्याला थांबविताना हुकूम मानला जाईल याची खात्री व्याकरणालाही नसते. स्पॅनिश तक्त्यात या अर्थाचे पहिले घर, म्हणजे 'मी'चे, रिकामे असून तिथे एक आडवी रेघ असते. स्वतःला हुकूम सोडण्याची तरतूद नाही. आमच्या व्याकरणकारांनी मात्र ती जागा पडीक ठेवलेली नाही. आज्ञार्थाच्या प्रथमपुरुषी एकवचनात त्यांनी 'मी बोलू' हे रूप घातलेले आहे. जिथे फर्मान असावयाचे तिथे अर्ज आहे.

हा अर्ज मंजूर कोण करतो, असे बाईंनी विचारले, तेव्हा मी त्यांना आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचे निमंत्रण दिले. उपनगरातले कौन्सिलचे सभागृह आम्हांला रात्री दहापर्यंतच मिळते. आरती झाली, मुलांचे नाच झाले, मोदक संपले, आणि साडेनऊला एक ज्येष्ठ सभासद उठून उभे राहिले. "अध्यक्षांची परवानगी असेल तर मी दोन शब्द बोलू?" असे म्हणून, अध्यक्षांची मान हलण्यापूर्वीच त्यांनी, ते या देशात आले तेव्हा कढीपत्ता कसा मिळत नसे, हिवाळ्यात हात कसे गारठत आणि एकमेकांच्या घरी लोक कसे राहावयास जात, येथून, अस्खलित रीतिभूतकाळात, प्रारंभ केला. मी बाईंना कानात भाषांतर सांगत होतो. दहाला पाच मिनिटे असताना सभागृहाचा रखवालदार किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात आला. वक्ते त्याच्याकडे पाहून प्रसन्नपणे हसले आणि म्हणाले, "हा एकच मुद्दा सांगतो आणि थांबतो." हा कोणता काळ, असे बाईंनी हळूच विचारले. वर्तमानकाळ, मी म्हणालो. आपण तोवर चहा घेऊन येऊ.